जुन्या मॅसीला जादा हायड्रॉलिक: तेल कुठून घ्यायचं आणि कुठे परत सोडायचं

मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा त्याच घराण्यातला टॅफेचा १०३५ अजून कित्येक वस्त्यांवर रोज चालू होतो. तीन सिलिंडरचं इंजिन, सुटे भाग तालुक्याला मिळतात, आणि गावातल्या मिस्त्रीला तो डोळे झाकून खोलता येतो. अडतं ते एकाच ठिकाणी. पलटी नांगर घ्यायचा म्हटलं किंवा डंपिंग ट्रॉली जोडायची म्हटली, की मागे होज लावायला जागाच नसते. लिफ्ट आहे, पण लिफ्टचं तेल बाहेर काढायची सोय नाही.

ही सोय करता येते. मात्र बहुतेक ठिकाणी कामाची सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी व्हॉल्व्ह विकत आणला जातो, मग तो कुठे बसेल ते शोधतात, आणि परतीच्या पाईपचा विचार शेवटी, उरलेल्या होजच्या तुकड्यावर. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. तेल परत कुठे आणि कसं येणार हे आधी ठरवा, बाकीचं त्यावरून ठरत जातं.

आधी पंप समजून घ्या

हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीचा पंप इतर ट्रॅक्टरांपेक्षा वेगळा असतो. तो बाहेर दिसत नाही. गिअरबॉक्सच्या मागे, ट्रॅक्टरच्या पोटात, तेलात बुडालेला चार पिस्टनचा पंप असतो आणि तो पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर चालतो. म्हणून पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असला की लिफ्ट उचलत नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरात क्लच दाबला की लिफ्टही थांबते. ड्युअल क्लचमध्ये अर्ध्या पायापर्यंत ट्रॅक्टर थांबतो पण पंप फिरत राहतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या पंपाचा कंट्रोल व्हॉल्व्ह तेल ओढण्याच्या बाजूला आहे. लिफ्ट हवी तिथे पोचली की व्हॉल्व्ह तेल आत येणंच बंद करतो. पंप फिरतो, पण कोरडा. बाजारात मिळणारा साधा डीसीव्ही, म्हणजे डायरेक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह, 'ओपन सेंटर' असतो. त्यात तेल सतत फिरत राहावं लागतं आणि लिव्हर हलवला की ते जॅककडे, म्हणजे अवजार ढकलणाऱ्या सिलिंडरकडे वळतं. या दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. जुळवण्यासाठी कंपनीने अनेक मॅसींच्या क्वाड्रंटवर, म्हणजे लिफ्टचे लिव्हर फिरतात त्या खुणांच्या पट्टीवर, 'कॉन्स्टंट पंपिंग' अशी जागा दिली आहे. पोझिशनचा लिव्हर पार वर, त्या खुणेपर्यंत नेला की ओढण्याची वाट उघडीच राहते आणि पंप थांबत नाही.

तिसरी गोष्ट तेलाची. गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि लिफ्ट या तिघांचं तेल एकच. सगळं मिळून साधारण ३० लिटर. तुम्ही बाहेर जे तेल पाठवाल ते गिअरच्या वाट्यातून जातं, आणि बाहेरून जी घाण येईल ती थेट बेअरिंगपर्यंत पोचते.

तुमच्या ट्रॅक्टरात पंप गिअरचा असेल आणि त्याचा प्रेशर पाईप इंजिनच्या किंवा हाऊसिंगच्या बाहेरून लिफ्टकडे जात असेल, तर तुमचं काम पुष्कळ सोपं आहे. तो पाईप मध्ये तोडून 'कॅरी ओव्हर' पोर्ट, म्हणजे तेल दाबासकट पुढे देणारं वेगळं तोंड, असलेला डीसीव्ही बसवायचा, पुढचं तेल लिफ्टला द्यायचं, आणि डीसीव्हीच्या परतीचा पाईप टाकीकडे न्यायचा. कॅरी ओव्हर नसलेला व्हॉल्व्ह मात्र तिथे चालत नाही. पुढच्या अवजारावर दाब आला की तो त्याच्या परतीच्या पोर्टवर बसतो आणि सील फुटतं.

काय जोडायचं आहे त्यावर वाट ठरते

पलटी नांगराचा जॅक लहान असतो. समजा पिस्टन ६३ मिलिमीटर आणि चाल २०० मिलिमीटर. पोटात मावतं ते ०.६ लिटरच्या थोडं वर. मिनिटाला १२ लिटर देणारा थकलेला पंपही तो तीन सेकंदांत पलटवतो. जॅक डबल ॲक्टिंग, म्हणजे दोन्ही बाजूंना तेलाने ढकलला जाणारा, असल्यामुळे एका बाजूने गेलेलं तेल दुसऱ्या बाजूने जवळपास तेवढंच परत येतं, म्हणून पोटातली पातळी हलत नाही. अशा कामाला ट्रॅक्टरचं स्वतःचं तेल घ्यायला हरकत नाही. ३५ हॉर्सपॉवरला कुठला पलटी नांगर झेपेल हा वेगळा हिशोब. काळ्या रानात दोन मोठे फाळ ओढायचा हट्ट धरू नका, आणि पुढचा ॲक्सल हलका होतो म्हणून वजनं लावा.

ट्रॉलीचं गणित निराळं. पिस्टन १०० मिलिमीटर आणि चाल एक मीटर धरली तरी जॅकला जवळपास ८ लिटर तेल लागतं. हौदा वर गेला की ट्रॅक्टरच्या पोटातलं चौथाई तेल बाहेर. तेवढ्यात उतारावर उभे असाल तर पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढते. त्याहून वाईट म्हणजे ट्रॉली आज तुमच्या ट्रॅक्टरला आणि उद्या शेजाऱ्याच्या. तिच्या जॅकमधलं कुणाकुणाचं तेल, पाणी आणि मुरमाची माती तुमच्या गिअरबॉक्समध्ये उतरते. म्हणून ट्रॉलीसाठी पोटातलं तेल वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. वेगळा पंप, वेगळी टाकी, वेगळं तेल. खर्च जास्त आहे, पण क्राउन-पिनियनच्या खर्चापेक्षा कमी.

समोरचा लोडर लावायचा असेल तर वेगळी सर्किट लागतेच, आणि पंप क्रँकच्या पुलीसमोर बसवावा लागतो. तो पंप पट्ट्यावर चालवू नका. साधा गिअर पंप बाजूने येणारा ओढ सहन करायला बनवलेलाच नसतो, त्याचा बुश एका बाजूने खातो. सरळ रेषेत कपलिंग घालूनच जोडा. लोडर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे थांबतो.

पहिली वाट: पलटी नांगरासाठी पोटातलं तेल

काही उघडण्याआधी आहे ती लिफ्ट किती धडधाकट आहे ते बघा. लिफ्टच्या हातांवर एखादं जड अवजार घ्या, पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा. अवजार बघता बघता खाली येत असेल तर लिफ्ट सिलिंडरचं सील, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. आधी ते दुरुस्त करा. गळक्या लिफ्टला नवा व्हॉल्व्ह जोडला तर नांगर पलटताना हात खाली बसतील आणि दोष नव्या व्हॉल्व्हला लागेल.

मग तेलाची काठी बाहेर काढा. तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलेलं आहे. सगळं काढून टाका, पंपाची जाळी धुवा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचंच तेल भरा. डबा अर्धा शिल्लक आहे म्हणून दुसरं तेल त्यात मिसळू नका.

आता सीटच्या पुढे लिफ्टच्या झाकणावर बघा. पंपातून वर आलेलं तेल एका उभ्या पाईपने या झाकणात येतं, आणि तिथे बोल्टांनी बसवलेली एक लहान टोपी असते. ती 'ट्रान्स्फर कॅप'. तेल बाहेर काढण्याची जागा हीच. दुकानात या टोपीऐवजी बसणारा सिलेक्टर व्हॉल्व्ह मिळतो. लिव्हर एका बाजूला असला की तेल लिफ्टला जातं, दुसऱ्या बाजूला केला की लिफ्टचं तेल जागच्या जागी अडकून राहतं आणि पंपाचं तेल बाहेर येतं. नुसती भोक पाडून निप्पल लावलेली टोपीही मिळते, ती घेऊ नका. तिच्यात लिफ्ट आणि बाहेरचा जॅक एकाच वाटेवर राहतात. ज्याच्यावर वजन कमी तो आधी हलतो, आणि कधी कुठला हलेल याचा भरवसा नसतो.

टोपी काढण्याआधी सगळा परिसर डिझेल आणि ब्रशने धुवा, वाऱ्याने फुंका. टोपीखालच्या ओ-रिंगा जुन्या लावू नका. बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळा. हा ट्रॅक्टर इंग्लिश घडणीचा आहे, आटे मेट्रिक नाहीत. बोल्ट किंवा प्लग बदलायचा असेल तर जुना हातात घेऊन दुकानात जा. आटा जवळपास जुळतोय म्हणून जोराने फिरवला की झाकणाचा आटा गेलाच, आणि ते बीडाचं झाकण आहे.

सिलेक्टरमधून निघालेला पाईप डीसीव्हीच्या पी पोर्टला, म्हणजे पंपाचं तेल आत येण्याच्या तोंडाला जोडा. डीसीव्ही एक स्पूलचा (आत तेल वळवणारा एकच सरकता दांडा असलेला), डबल ॲक्टिंग, ओपन सेंटर, आणि स्वतःचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल सोडून देणारा) असलेला घ्या. तो उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, हात सहज पोचेल पण गुडघा लागणार नाही अशा ठिकाणी बसवा. जॅककडे जाणाऱ्या ए आणि बी पोर्टचे दोन होज मागे नेऊन पट्टीवर क्यूआरसी, म्हणजे होज झटपट जोडायची-सोडायची कपलिंग, बसवा. आहेत त्याच बोल्टांना पट्टी धरा. ॲक्सलच्या बीडात नवं भोक पाडणं किंवा त्यावर वेल्डिंग करणं टाळा.

उरला टी पोर्ट, म्हणजे परतीचा. ही जागा घाईत बिघडते. बरेच फिटर हा पाईप तेल भरण्याच्या टोपीत खोचून मोकळे होतात. तेल वरून धबधब्यासारखं पडतं, हवा मिसळते, आणि तोच फेस पंप पुन्हा ओढतो. लिफ्ट थरथरायला लागते आणि पंपाचा आवाज बदलतो. परतीचा पाईप तेलाच्या पातळीखाली उघडला पाहिजे. मधल्या हाऊसिंगच्या बाजूला बोल्टांनी बसवलेलं झाकण असतं. ते झाकण काढून लेथवाल्याकडून त्यात आटा पाडून घ्या आणि आत पातळीखाली जाणारा छोटा वाकवलेला पाईप बसवा. मुख्य हाऊसिंगला हात लागत नाही, आणि पुढे कधी मूळ स्थितीत आणायचं झालं तर झाकण बदललं की झालं. परतीत कुठेही कॉक बसवू नका. चुकून बंद राहिला तर व्हॉल्व्हचं सील पहिल्या झटक्यात जातं.

वापरताना क्रम असा पडतो: तासाच्या टोकाला नांगर पूर्ण वर, सिलेक्टर बाहेरच्या बाजूला, पोझिशन लिव्हर कॉन्स्टंट पंपिंगला, डीसीव्हीने पलटी, मग सिलेक्टर परत लिफ्टला. दर वळणाला एवढे लिव्हर हलवणं सुरुवातीला वैतागवाणं वाटतं. हात बसल्यावर ते आपोआप होतं, पण नव्या ट्रॅक्टरसारखं एका लिव्हरचं काम या पद्धतीत कधीच होणार नाही हे आधीच मान्य करा.

दुसरी वाट: ट्रॉलीसाठी वेगळी सर्किट

ट्रॉली ओढताना पीटीओ मोकळा असतो. त्यावरच पंप बसवायचा. पीटीओ ५४० फेऱ्यांचा, आणि गिअर पंपाला इतक्या कमी फेऱ्या पुरत नाहीत. १६ सीसीचा पंप ५४० फेऱ्यांवर मिनिटाला ९ लिटरही देत नाही. म्हणून मध्ये वेग वाढवणारा गिअरबॉक्स लागतो. एकास तीनचा घेतला तर पंप १६२० फेऱ्यांवर चालतो आणि २६ लिटरच्या आसपास तेल देतो. १५० बारच्या दाबावर याला सुमारे १० हॉर्सपॉवर लागते, ३५ च्या इंजिनला ती जड नाही. वर सांगितलेला १०० मिलिमीटरचा जॅक १५० बारवर सुमारे १२ टनांचा जोर देतो आणि २० सेकंदांच्या आत पूर्ण उघडतो. त्याहून मोठा पंप घेण्याचा मोह आवरा. हौदा झटक्यात वर गेला तर माल एकदम मागे सरकतो आणि ट्रॉली पुढून उचलते.

पंप मागवताना फिरण्याची दिशा सांगावी लागते. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पंपाची दिशा मात्र त्याच्या शाफ्टकडे तोंड करून मोजतात, म्हणजे बरोबर उलट्या बाजूने. पंप थेट पीटीओवर बसला तर डावा, म्हणजे काट्यांच्या उलट फिरणारा लागेल. मध्ये दोन चाकांचा गिअरबॉक्स असेल आणि पंप त्याच्या मागच्या तोंडावर असेल तर उजवा. चुकीच्या दिशेचा पंप सुरू केल्याबरोबर शाफ्टचं सील बाहेर फेकतो. गिअरबॉक्स पीटीओवर नुसता अडकवून चालत नाही, तो स्वतःच फिरू पाहतो. त्याला पट्टी किंवा साखळीने ट्रॅक्टरच्या अंगाला बांधा, आणि वळताना ट्रॉलीची दांडी त्याला लागत नाही ना हे दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून बघा.

टाकी ३५ ते ४० लिटरची पुरते. ती पंपापेक्षा उंचावर हवी, म्हणजे तेल स्वतःच्या वजनाने पंपात येतं. डाव्या मडगार्डवर किंवा पायरीच्या वर पट्ट्यांवर बसते. आत मध्ये एक आडवी पट्टी ठेवा. तिच्या एका बाजूला ओढण्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला परतीचं, दोन्ही पातळीखाली. परत आलेल्या तेलाला टाकीत थोडं थांबायला मिळालं तर हवा वर निघते आणि घाण तळाला बसते. वर श्वास घेणारी टोपी हवी, कारण जॅक भरताना टाकीत ८ लिटरची पोकळी होते. टाकी गावातच वेल्डिंग करून घेणार असाल तर आतली खपली आणि वेल्डिंगचे मणी खरवडून काढा, डिझेलने पुन्हा पुन्हा धुवा, शेवटी पांढरं कापड फिरवून बघा. नवे पंप मरतात ते बहुतेक या मण्यांनीच.

होजचे माप असं धरा: पंपाकडे येणारा एक इंची, दाबाचा अर्धा इंची, परतीचा पाऊण इंची. ओढण्याचा होज आत तारेची गुंडाळी असलेला, त्याच कामाचा हवा. साधा रबरी पाईप आतून चपटा होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दाबाचा होज दोन तारांचा, म्हणजे आर-२ जातीचा घ्या. अर्धा इंची आर-२ होज २७५ बारपर्यंत चालतो, एक तारेचा आर-१ फक्त १६० बारपर्यंत, आणि १५० बारच्या सर्किटला तो फारच काठावर आहे. बीएसपी (इंग्लिश पाईपच्या मापाच्या) आट्यांना डाउटी वॉशर, म्हणजे आतून रबराची कडा असलेले धातूचे वॉशर लावा. टेफ्लॉनची टेप नळाच्या कामाला ठीक, इथे तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

परतीच्या वाटेवर २५ मायक्रॉनचा फिल्टर बसवा. तो निवडताना पंपाचे २६ लिटर धरू नका. भरलेला हौदा वजनाने खाली येतो तेव्हा तेल पंपाच्या दुप्पट वेगानेही परत येऊ शकतं. म्हणून फिल्टर मोठा घ्या, आणि जॅकच्या तळाशी उतरण्याचा वेग आवरणारा रिस्ट्रिक्टर लावा. होज फुटला तर हौदा धाडकन कोसळू नये यासाठीही तोच कामाला येतो. तेल आपल्याकडच्या उन्हाळ्याला ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑईल.

ट्रॉलीचा जॅक सिंगल ॲक्टिंग असतो, म्हणजे तेलाने फक्त वर जातो आणि वजनाने खाली येतो, त्यामुळे डीसीव्हीचं स्पूलही सिंगल ॲक्टिंग मागा. डबल ॲक्टिंगचा बी पोर्ट प्लग मारून वापरणारे आहेत. हौदा खाली घ्यायला लिव्हर उलटा नेला की पंपाचं तेल सगळं रिलीफवर आदळतं आणि तापतं.

पहिल्यांदा चालू करताना

पंपात हाताने तेल ओता. कोरडा पंप फिरवू नका. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पूर्ण सैल ठेवा. पी पोर्टवर तीन तोंडांचा टी-जोड लावून २५० बारचा गेज बसवा. इंजिन आयडलवर, पीटीओ थोडा वेळ घालून बंद करा, टाकीत फेस येतो का बघा, मग पुन्हा. तेल शांतपणे परत येऊ लागल्यावर रिकामा हौदा हळूहळू वरखाली करा, हवा निघेपर्यंत. नंतर हौदा पूर्ण खाली ठेवून टाकीची पातळी भरा. हौदा वर असताना भरली तर खाली येताना टाकी ओसंडते.

दाब बसवायला क्यूआरसी सोडून द्या, म्हणजे तेलाला पुढे वाट नाही. लिव्हर दाबून धरा आणि गेजकडे बघत रिलीफ थोडा थोडा आवळा. १५० बारला थांबा, किंवा जॅकवर लिहिलेला दाब त्याहून कमी असेल तर तिथे. लिव्हर काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. भरलेली ट्रॉली उचलत नाही म्हणून नंतर कुणी रिलीफ आवळायला लागला तर त्याला थांबवा. माल जास्त आहे किंवा पंप थकला आहे, रिलीफचा दोष क्वचितच असतो.

गळती हाताने शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून १५० बारने येणारं तेल कातडीत घुसतं. जखम बारीक टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, पण आतलं मांस सडतं. असं झालं तर वाट न बघता शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जायचं आणि 'प्रेशरचं तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, त्यावर डाग पडतो.

उचललेल्या हौद्याखाली जाण्याआधी लोखंडी टेका लावायचा. व्हॉल्व्ह नवा असला तरी, दोन मिनिटांचं काम असलं तरी. हौदा उचलताना ट्रॉली सपाट जागेवर हवी, फाळका उघडलेला हवा, आणि वर विजेची तार नको.

नंतर काय बघायचं

पहिल्या दहा तासांनी परतीचा फिल्टर बदला, त्यात चमचमणारी पावडर दिसली तर पंप खातो आहे. क्यूआरसीला टोप्या लावूनच ठेवा आणि जोडण्याआधी दोन्ही तोंडं पुसा. शेणखत वाहणाऱ्या ट्रॉलीला हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. रस्त्याने जाताना पीटीओ काढून ठेवा, तेल उगाच फिरत तापत नाही.

टाकीत फेस दिसला तर ओढण्याच्या बाजूच्या क्लिपा बघा. तिथून तेल गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे जोड कोरडा दिसला तरी तोच दोषी असू शकतो. जोडावर थोडं तेल सोडा, पंपाचा आवाज क्षणभर बदलला तर जागा सापडली. टाकीला हात लावून धरवत नसेल इतकी तापत असेल तर लिव्हर मध्यावर परत येत नाही किंवा रिलीफ सतत उघडा आहे. हौदा थंड तेलावर उचलतो आणि दुपारी दमतो, तर पंप आतून झिजला आहे. गेज लावून गरम तेलावर दाब मोजा, सकाळचा आकडा यात काही सांगत नाही.